पानाचं वय

आज मनाला धरायला एक आकडा घेऊ. नाम, श्वास, दिव्याची ज्योत या मननाच्या सरावातल्या जागा. तिथे आकड्याला सहसा कोणी बसवत नाही. पण हा आकडा पावसाचा आहे, आणि धानाच्या मुलखात पावसाचा आकडा कोरडा नसतो.

भंडारा जिल्हा, लाखनी तालुका, पालांदूर महसूल मंडळ. रोवणी अर्ध्यावर आलेली. रात्रभर झड होती आणि सकाळी मंडळाच्या नावापुढे आकडा आला. समजा, ६८ मिलिमीटर.

तो मनात ठेवा. पुढे जाण्याची घाई करू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात चार हजारांहून थोडे अधिक चौरस मीटर असतात. म्हणजे रात्रीतून एकरी जवळजवळ पावणेतीन लाख लिटर पाणी उतरलं. आता बांधी डोळ्यांपुढे आणा. नुकतेच रोवलेले पऱ्हे शेंड्यापर्यंत बुडालेले, धुऱ्यावरून पलीकडच्या बांधीत उतरणारं पाणी, खाली पाणी साठवणारी बोडी, आणि बोडीच्या खाली आणखी बांध्या. एवढं सगळं दोन अंकांत मावलेलं आहे.

या मननापुरतं असं धरा, की तालुक्याच्या पावसाचं एक पान तुम्ही चालवता. आकड्यांची फाइल लाखनीतल्या तुमच्या संगणकावर तयार होते. लोक जे पान उघडतात ते मात्र दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरवर असतं. इथलं तिथे न्यायचं, रोज न्यायचं, आणि तुम्ही शेतावर असा, लग्नाला गेलेले असा की तापाने पडलेले असा, ते जात राहील अशी तजवीज करायची. विषय एवढाच आहे. तो लहान वाटतोय का? वाटू द्या.

*

पहिला प्रश्न घ्या: हा आकडा कोणत्या दिवसाचा?

आजचा, असं उत्तर चटकन येतं. पण आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारच्या तक्त्यातल्या ६८ मिलिमीटरांपैकी बराचसा पाऊस सोमवारीच पडलेला असू शकतो. साडेआठ ही वेळ अडनिडी वाटते. ती जागतिक प्रमाणवेळेतल्या पहाटेच्या बरोबर तीन वाजताची वेळ आहे. भारताचं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे पालांदूरच्या पावसाचा दिवस ठरवणारं घड्याळ पालांदूरचं नाही.

हे नुसतं मनोरंजक म्हणून सोडू नका. दूरचे सर्व्हर बहुतेकदा त्याच जागतिक वेळेवर चालतात. तुम्ही सर्व्हरच्या वेळापत्रकात भाबडेपणाने ‘साडेआठ’ लिहिलंत, तर काम आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी दोनला होईल. कुठेही चूक दिसणार नाही. काम रोज होईल, नेमाने होईल, आणि रोज साडेपाच तास उशिरा होईल.

इथे थांबा. नेमाने होणारं काम वेळेवर होतंच असं नाही. तुमच्या दिवसात असं कोणतं काम आहे?

*

आता या पानाची वाट कोण पाहतं ते पाहू. एकेक चेहरा सावकाश येऊ द्या.

पहिला पालांदूरचाच शेतकरी. त्याच्या बांधीत किती पाणी आहे हे त्याला कोणत्याही पानापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी तो आकडा पाहतो, कारण मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते. पंचनामे, मदत, पुढच्या याद्या हे सगळं त्या रेषेशी बांधलेलं आहे. ६८ आणि ६४ यांत पावसाच्या दृष्टीने चार मिलिमीटरांचं अंतर. त्याच्या दृष्टीने रेषेच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

दुसरी त्याची मुलगी, पुण्यात नोकरीला. घरचा फोन लागत नाही, टॉवर बंद असावा. ती पान उघडते आणि पालांदूरच्या ओळीवर बोट ठेवते. तिला पंचनामा नको, मदत नको. रात्र कशी गेली एवढंच तिला हवं आहे.

तिसरा माणूस नदीच्या खालच्या अंगाला. पालांदूरचा पाऊस चुलबंद नदीत उतरतो, चुलबंद लाखांदूरच्या बाजूने वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा वडशाकडे निघते. त्याच्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं तरी वरच्या आकड्यात त्याची उद्याची सकाळ असू शकते.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. पान कसं तयार झालं हे त्यांच्यापैकी कोणालाच दिसत नाही. तुम्ही दिसत नाही, तुमचा संगणक दिसत नाही, वीज गेली की नाही हे दिसत नाही. समोर असतं ते फक्त पान. म्हणून ते जे सांगेल त्यावर त्यांना चालावं लागतं.

*

पूर्वी हे सगळं हातांनी व्हायचं. पर्जन्यमापकाच्या बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, फोनवरून पुढे सांगायचा. पलीकडचा माणूस तो परत म्हणून दाखवायचा. “अडुसष्ट की सदुसष्ट?” “अडुसष्ट, अडुसष्ट. सहावर आठ.” मग जिल्ह्याचा तक्ता, मग पुढची कचेरी. २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ती दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद पाठवू शकतात. बाटलीच्या जागी आत छोटी डोलती वाटी आली. ठरावीक पाणी साठलं की ती कलते, रिकामी होते, आणि प्रत्येक कलण्याची मोजदाद होते.

पण आकडा यंत्राने मोजला तरी पानापर्यंतचा शेवटचा टप्पा पुष्कळ ठिकाणी अजून हातांचाच असतो. कोणी तरी फाइल उघडतं, तपासतं, जतन करतं, दूरच्या फोल्डरमध्ये चढवतं, पान उघडून पाहतं. पहिल्या आठवड्यात हे काम मन लावून होतं. पोळ्यापर्यंत त्याची सवय झालेली असते. दसऱ्याला बोटं आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे असतं.

अशा एखाद्या कामावर मन ठेवा आणि त्याचे दोन भाग करून पाहा. एक भाग ओझ्याचा: तेच बटण, तीच फाइल, तीच वाट. दुसरा भाग लक्षाचा: चढवणाऱ्याची नजर आकड्यांवरून फिरत होती. ६८ च्या जागी ६८० दिसले असते तर तो थबकला असता. रोजच्यापेक्षा एक मंडळ कमी दिसलं असतं तर त्याने फोन लावला असता. हे काम त्याच्या नेमणुकीत कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी तो करत होता.

ओझं यंत्राला देता येतं. लक्ष आपोआप त्याच्याबरोबर जात नाही. ते द्यायचं असेल तर आधी त्याचे शब्द करावे लागतात: मंडळं कालच्याइतकीच आहेत का, आकडा शक्य वाटेल एवढ्यातच आहे का, फाइल रिकामी तर नाही. यांपैकी काही चुकलं तर पाठवू नकोस, मला उठव. जे शब्दांत मांडलं नाही ते सोपवण्यात गळून गेलं, असं समजा.

*

आता सोपवू या. तीन गोष्टी सोपवायच्या आहेत: वेळ, वाहतूक आणि तुलना.

वेळ सांभाळणारा कारभारी युनिक्सच्या जगात सत्तरच्या दशकापासून आहे, नाव क्रॉन. त्याला द्यायच्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. त्याला रविवार कळतो. सण कळत नाही. आज पूर आहे, आज जरा लवकर जा, हेही त्याला आपणहून सुचत नाही. तो उठवतो, एवढंच.

वाहतुकीची गोष्ट थोडी लांब आहे, आणि तिच्यात आपल्याकडचा एक माणूस आहे. अलाहाबादेत जन्मलेले, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण अमेरिकेत एमआयटीत असताना त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी एक मसुदा लिहिला. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकाकडे न्यायची तर दोघांनी आपसांत काय बोलावं, याचे नियम त्यात होते. ते नियम एफटीपी म्हणून जगभर गेले. पुढची कितीतरी वर्षं संकेतस्थळांवरची पानं प्रामुख्याने याच वाटेने चढत होती.

त्या वाटेवर नाव आणि पासवर्ड उघडे जात. १९७१ मध्ये जाळ्यावर मोजकेच संगणक होते आणि चालवणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. जाळं वाढलं, ओळख उरली नाही, उघडेपणा तसाच राहिला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणी तरी जाळ्यावर कान लावून पासवर्ड चोरले. त्यानंतर तातू इलोनेन या तिथल्या संशोधकाने एसएसएच लिहिलं. त्यात सगळा संवाद कुलूपबंद होतो आणि पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते: एक भाग दूरच्या सर्व्हरवर ठेवायचा, दुसरा आपल्याकडेच राहतो आणि कधी प्रवास करत नाही.

या किल्लीपाशी थोडं बसा. रात्री काम करणाऱ्या यंत्राजवळ कोणी नसतं, म्हणून किल्ली त्याच्या हाती ठेवून जावं लागतं. मग ती किती दारं उघडते? शहाणा माणूस अशी किल्ली देतो की ती एकाच फोल्डरचं दार उघडेल आणि बाकीच्या घराला लागणार नाही. विश्वास ठेवायचा, पण त्याला बांध घालून. ज्या कामासाठी नेमलं त्या कामापुरता अधिकार दिला, तर देणारा आणि घेणारा दोघांची झोप शाबूत राहते.

तिसरी गोष्ट तुलना, आणि सर्वांत देखणी कल्पना इथे आहे. रोज सगळं पुन्हा पाठवायचं का? ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ च्या जूनमध्ये आरसिंक जाहीर केलं. दूरचा संगणक स्वतःकडच्या जुन्या प्रतीचे सारखे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी ओळखखूण काढून पाठवतो. इकडचा संगणक नव्या फाइलवर त्या खुणा सरकवत नेतो. जे जुळतं ते तिकडे आहेच. जे जुळत नाही तेवढंच पाठवायचं. रोवणीआधी शेतकरी धुऱ्यावरून फिरतो, जिथे खचलं तिथेच चिखल घालतो, सगळा धुरा नव्याने बांधत नाही, तसंच हे. बारीक, तुटक जोडणीवर चालणाऱ्या गावांना ही काटकसर फार उपयोगाची आहे. आणि शेवटी एकवार पूर्ण फाइलची खूण दोन्हीकडे काढून ताडली जाते. “अडुसष्ट की सदुसष्ट?” म्हणून परत विचारणारा तो फोनवरचा माणूस इथे गणिताच्या रूपात हजर आहे.

पण ही तुलना सुरू कुठून होते? कोणती फाइल बदलली हे ठरवताना आरसिंक एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहतं. दोन्ही जुळले की फाइल उघडून पाहत नाही. जुनीच आहे असं मानून पुढे जातं. बव्हंशी हे बरोबर ठरतं, आणि त्यात पुष्कळ वेळ वाचतो. आपणही माणसांना असंच पाहतो: तोच चेहरा, तीच वेळ, म्हणजे सगळं कालच्यासारखंच असणार. हवं तेव्हा आत डोकावून पाहण्याची आज्ञा आरसिंकला देता येते. ती कधी द्यायची हे त्याला कळत नाही.

*

आता एक अडचण मनात येऊ द्या. फाइल निघाली आहे, निम्मी पोहोचली आहे, आणि वीज गेली.

पावसाळ्यात भंडाऱ्यात हे घडायला वादळ लागत नाही. प्रश्न असा: त्या क्षणी पुण्यातल्या मुलीने पान उघडलं तर तिला काय दिसेल? फाइल जुन्याच नावावर थेट लिहिली जात असेल, तर निम्मी यादी दिसेल. तिच्यात लाखनी असेल, पालांदूर नसेल. यादी तिथेच संपली असं तिला वाटेल. अर्धवट असणं पानावर कुठेही लिहिलेलं नसतं.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. नवी फाइल आधी वेगळ्या, तात्पुरत्या नावाने लिहायची. ती पूर्ण आली, ताडून झाली, की मग एका झटक्यात तिला खरं नाव द्यायचं. आरसिंक स्वतःहून असंच करतं. नाव बदलणं एकसंध घडतं. बघणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी यादी दिसते किंवा पूर्ण नवी. मधली अवस्था कोणाच्या नजरेला पडत नाही.

अर्धवट नव्यापेक्षा पूर्ण जुनं बरं, असा हा नियम आहे. लगेच मान्य करू नका, थोडं तपासा. पुराच्या रात्री जुनी पूर्ण यादी बरी की नवी निम्मी? तुमचं उत्तर कोणतंही असो, जुनी यादी बरी ठरण्यासाठी एक अट लागते: ती जुनी आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. ही अट पुन्हा भेटणार आहे.

*

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. व्यवस्था अगदी बिनचूक चालते आहे आणि त्यामुळेच नुकसान होतं आहे.

दूरचं फोल्डर इथल्यासारखंच राहावं म्हणून आपण सांगतो: इथे जे नाही ते तिथूनही काढ. त्यामुळे जुनी, टाकाऊ पानं साचत नाहीत. मग एके दिवशी इथली डिस्क बिघडते, किंवा फोल्डर भलत्या ठिकाणी हलवलं जातं, किंवा कोणी तरी चुकून ते रिकामं करतं. ठरल्या मिनिटाला कारभारी उठतो, इथे काहीच नाही असं पाहतो, आणि तिथलंही सगळं काढून टाकतो. त्याने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

या निष्ठेकडे नीट पाहा. नक्कल करणाऱ्याला फरक दिसतो, फरकाचा अर्थ दिसत नाही. पालांदूरची ओळ गेली, याचा अर्थ मंडळांची नावं बदलली, की कोणाच्या हातून ओळ खोडली गेली? दोन्ही बाबतीत बाइट सारखेच हलतात. अचूक वाहून नेणं आणि खरं सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. यंत्राने पहिलं स्वीकारलं आहे, दुसऱ्याबद्दल त्याने कधीच शब्द दिला नव्हता.

म्हणून जाणती माणसं आधी कोरडी तालीम घेतात: काय काढणार आहेस, काय टाकणार आहेस, ते फक्त सांग, हात लावू नकोस. एका वेळी ठरावीक संख्येहून अधिक फाइल काढायच्या असतील तर थांब, अशी मर्यादा घालतात. आणि एक प्रत अशा जागी ठेवतात जिथे ही नक्कल पोहोचत नाही. जी प्रत मूळ बदलताच बदलते तिला राखीव प्रत म्हणता येत नाही.

*

आता शून्यावर येऊ. इथे जितकं जास्त थांबता येईल तितकं थांबा.

पालांदूरपुढे ०.० असं आलं आहे. याचे दोन अर्थ संभवतात. एक, पाऊस पडला नाही. दोन, पाऊस पडला पण कळलं नाही. पर्जन्यमापकाच्या नसराळ्यात सागाचं पान अडकलं, वाटी कललीच नाही. बॅटरी उतरली. मोबाइलचं जाळं नव्हतं. नोंद आलीच नाही, आणि तक्ता भरणाऱ्या सूत्राला रिकामी जागा चालत नव्हती म्हणून त्याने तिथे शून्य घातलं.

पहिलं शून्य माहिती आहे. दुसरं शून्य माहितीचा अभाव आहे आणि त्याने माहितीचे कपडे घातले आहेत. पानावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ६५ च्या रेषेवर ज्याची मदत अडलेली आहे त्या शेतकऱ्यासाठी मात्र दोघांत एका हंगामाचा फरक आहे.

माणूस तक्ता लिहायचा तेव्हा तो अशा ठिकाणी आडवी रेघ मारायचा, किंवा ‘अप्राप्त’ लिहायचा. त्या रेघेत प्रामाणिकपणा होता. व्यवस्था स्वयंचलित करताना सर्वांत आधी हरवते ती ही रेघ, कारण बेरीज करणाऱ्याला ती अडचणीची असते. ती परत आणा. जिथे कळलं नाही तिथे ‘कळलं नाही’ असं लिहिण्याची सोय नसेल, तर ते पान कितीही वेगाने ताजं होत असलं तरी काही ठिकाणी ते खोटं बोलणारच.

स्वतःलाही विचारून पाहा. ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतलं अंतर मी बोलताना किती पाळतो?

*

आणि आता शेवटची अडचण, जी अडचण म्हणून ओळखूच येत नाही. सगळं बंद पडलं आहे आणि सगळं ठीक दिसतं आहे.

हाताने काम करणारा आजारी पडला तर त्याची खुर्ची रिकामी दिसते. वेळापत्रकातली ओळ बंद पडली तर काही रिकामं दिसत नाही. किल्लीची मुदत संपली, डिस्क भरली, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. दूरचं पान आपलं कालच्याइतकंच नीटनेटकं उभं राहतं. त्याचे रंग फिके पडत नाहीत, कागद पिवळा होत नाही. वर्तमानपत्राची रद्दी आपण लांबून ओळखतो. शिळं पान मात्र ताज्या पानासारखंच उजळ असतं.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. त्यातलं पाणी फक्त भंडाऱ्यावर पडलेलं नव्हतं. वर मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून विसर्ग झाला होता, नदी फुगत खाली आली, भंडारा शहरात पाणी शिरलं आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. अशा दिवशी नदीचा आकडा सकाळी सहाला एक असतो आणि दुपारी बाराला दुसरा. सहाचा आकडा चुकीचा नव्हता. बाराला तो सहाचा आहे हे न सांगता दाखवला, तर तोच आकडा माणसाला घरात थांबवून ठेवू शकतो.

म्हणजे आकड्याचा खरेपणा त्याच्या वेळेला जोडलेला आहे. वेळ काढून घेतली की खरा आकडाही दिशाभूल करतो. मघाची अट इथे पुन्हा येते: जुनं चालेल, पण ते जुनं आहे हे कळलं पाहिजे. पानाला स्वतःचं वय सांगता आलं पाहिजे.

सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी शेवटच्या अद्ययावतीकरणाची तारीख छापलेली असते. ती तळाशी असते, बारीक असते, आणि बहुतेकांची नजर तिथपर्यंत पोहोचत नाही. शिवाय ती तारीख नेमकी कशाची? संकेतस्थळ कोणी तरी हलवलं त्याची, की त्यातला आकडा मोजला त्याची? कालचीच फाइल आज पुन्हा चढवली तर पान आजचं झालं, आकडा कालचाच राहिला. ताजं करण्याची कृती घडली, ताजेपणा आला नाही.

या फरकावर दोन-चार श्वास थांबा. आपण किती गोष्टी रोज पुन्हा चढवतो आणि त्यांना आजच्या म्हणतो.

*

मननाचा शेवट कृतीत व्हावा. उद्या सकाळी करता येण्यासारखी तीन कामं आहेत, आणि त्यांना मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

पहिलं: पानाच्या माथ्यावर, आकड्यांच्याही आधी, मोजल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही छापा. मोजल्याची वेळ फाइलच्या आतून यावी, मोजणाऱ्याकडून. पोहोचल्याची वेळ सर्व्हरने घालावी. दोघांतलं अंतर वाढत गेलं तर बघणाऱ्याला तुमच्याआधी कळेल, आणि तसंच असायला हवं.

दुसरं: पहारा उलटा लावा. बिघडलं तर कळव, असं सांगितलेलं यंत्र स्वतःच बिघडलं की गप्प राहतं. म्हणून वेगळ्या जागेवरच्या, वेगळ्या यंत्राला सांगा: नऊपर्यंत नवी फाइल आली नाही तर मला फोन कर. आवाज येण्याची वाट न पाहता, अपेक्षित आवाज आला नाही याची दखल घेणारा कोणी तरी हवा. त्याच्याही तब्येतीची अधूनमधून चौकशी करा. महिन्यातून एकदा मुद्दाम काम थांबवून तो हाक मारतो का ते पाहा.

तिसरं: रिकाम्या जागेला तिचं नाव द्या. नोंद आली नसेल तर ‘नोंद आली नाही’ असं सरळ मराठीत लिहा. बेरीज करणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल. ती होऊ द्या.

मग खुशाल उठा आणि रोवणीला जा. व्यवस्था तुमच्याविना चालेल, कधी बंदही पडेल. पण बंद पडली तर पान ते लपवणार नाही. पालांदूरचा शेतकरी, पुण्यातली त्याची मुलगी आणि नदीच्या खालच्या अंगाचा माणूस, तिघांनाही तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागणार नाही. आकडा कधीचा आहे हे समोर असेल. त्यावर किती विसंबायचं, हे ते स्वतः ठरवतील.